खरी मेख तपास यंत्रणेत आहे

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचा अध्यक्ष कोण असावा, यावर तुम्ही छापलेल्या आयोगावरच्या लेखात बरंच लिहिलं आहे. आयोगाच्या कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर माजी सरन्यायाधीशच हवेत ही अट गेली, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीशही चालतात, पदाची मुदत पाचवरून तीन वर्षांवर आली. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण तपास कोण करतं, याबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं वाईट वाटलं.

1993च्या मानवाधिकार संरक्षण कायद्याच्या कलम 11नुसार आयोगाला तपासासाठी पोलीस अधिकारी आणि कर्मचारी केंद्र सरकार पुरवतं. आता कोठडीतल्या मृत्यूची तक्रार घ्या. आरोप पोलिसांवर, आणि चौकशीला येणारेही पोलिसच! ते प्रामाणिक असतीलही, पण ज्या घरातला माणूस गेला त्या घराने विश्वास कसा ठेवायचा? आयोगाची स्वतःची, स्वतंत्रपणे भरती केलेली तपास यंत्रणा हवी, आणि तिच्यात न्यायवैद्यक तज्ज्ञ, वकील, सामाजिक कार्यकर्ते हवेत.

सैन्यदलांच्या बाबतीत तर कलम 19 आयोगाला केंद्राकडून अहवाल मागवून शिफारस करण्यापलीकडे फारसं काही करू देत नाही.

घटनेला एक वर्ष उलटलं की आयोगाला तिची चौकशी करता येत नाही, ही मुदतही (कलम 36) मला अन्यायकारक वाटते. दहशतीखाली असलेलं कुटुंब वर्षभरात तोंड उघडेलच असं नाही. सबळ कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला कायद्यानेच द्यायला हवा.

सदस्यांमध्ये किमान एक महिला असलीच पाहिजे, ही 2019ची तरतूद मात्र मनापासून आवडली.