‘तांबी बसवली आणि पस्तावले’ या रिव्ह्यूला आमच्या क्लिनिकचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर तीन-चारदा वाचला. उत्तराला आठ दिवस लागले, त्याचं कारण पुढे येईलच.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंचं म्हणणं असं: सहा वर्षं गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या, बीपी वाढलं म्हणून गोळ्यांच्या जागी आमच्याकडे तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवली. ‘थोडं जास्त जाईल’ एवढंच सांगितलं. पुढच्या दोन्ही पाळ्या नऊ-नऊ दिवस चालल्या, अमळनेर-धुळे रोजच्या एसटीत दोनदा साडी खराब झाली. फोन केला तर काउंटरवरच्या मुलीने ‘होतं असं’ म्हणून ठेवून दिला. पाळीची वाट न बघता गोळ्या चालू असतानाच बसवली, बसवताना बेंबीपर्यंत कळ गेली, आणि सरकारी दवाखान्यात फुकट होणाऱ्या पाच मिनिटांच्या कामाचे १८०० रुपये घेतले. आता काढायला गेले तर परत पैसे लावतील.

तुम्ही आमच्या पेशंट आहात की नाही, फाइलमध्ये काय आहे, यातलं मी इथे काहीही बोलणार नाही. तुम्ही स्वतः लिहिलंत तेवढ्यावरच बोलते. गाव लहान आहे, कोण कोण वाचतंय कुणास ठाऊक.

आधी फोनचं. तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर बाजाराच्या दिवशी मी तपासणीच्या खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं. साडेअकराच्या सुमारास एक फोन आला. आमच्या मुलीने तो मानेत दाबून धरला, एका हाताने पावती फाडत होती, आणि म्हणाली, ‘काही व्हत नही वं माय, दोन-तीन महिने जास तसं.’ झालं, ठेवला. किती पॅड लागतात, चक्कर येते का, काही विचारलं नाही. मुलगी वाईट नाही हो. घरी मावशी देईल तसा धीर दिला तिने. पण मावशीकडे कुणी पैसे भरून गेलेलं नसतं. आणि काय विचारायचं हे मी तिला कधी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे हा दोष माझ्या नावावर लिहा. आता फोनशेजारी कागद चिकटवलाय: तासाला एक पॅड भिजतोय का, चक्कर किंवा धाप लागते का, ताप, अंगावरून घाण वासाचं पांढरं जाणं किंवा ओटीपोटात सतत दुखणं आहे का, तांबीचा धागा बोटाला लागेनासा झालाय किंवा कडक टोक लागतंय का. एकालाही ‘हो’ आलं की फोन थेट माझ्या हातात. (तांबी पोटात वर चढून छातीशी जाते, असं घरोघरी ऐकवतात. तसं होत नाही. निसटून खाली येऊ शकते, आणि ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच होतं. धागा बघायला सांगतो तो त्यासाठी.)

आता त्या ‘थोडं जास्त’बद्दल. मला सगळ्यात लागलं ते हेच, कारण हे दोन शब्द माझेच आहेत, रोज दहादा तोंडात असतात. थोडं जास्त, पण कशापेक्षा?

माला-एन, माला-डीसारख्या गोळ्यांच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ मध्ये हार्मोन. त्यांच्यामुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतच नाही, आणि शेवटच्या आठवड्यात हार्मोन थांबलं की ते पातळ अस्तर तेवढं गळून पडतं. तीन दिवस, दिवसाला दोन पॅड, दुखणं नावाला. सहा वर्षं हेच बघितलं की बाईला वाटतं, आपली पाळी अशीच. ती गोळीची पाळी असते. तांबीत हार्मोन नाही. गोळी सुटली की सहा वर्षांपूर्वीची मूळची पाळी परत येते आणि तिच्यावर तांबीची भर पडते. कंडोम सोडून तांबी बसवणारी एक पायरी चढते, गोळीवाली एकदम दोन. मी दोघींना एकच वाक्य ऐकवत आले.

विचारायला हवं होतं ते असं: गोळ्या सुरू व्हायच्या आधी, कॉलेजात असताना पाळी कशी होती? पहिल्या दिवशी घरी बसावं लागायचं का? आमच्या केसपेपरवर ‘सध्याची पाळी’ असा रकाना आहे. गोळ्यांच्या आधीची पाळी कुठेच नाही. जिची मूळची पाळीच सात दिवसांची, तिला मी तांबीच्या आधी हार्मोनवाल्या टीबद्दल सांगायला हवं. ती महाग पडते, सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग दिसतात, पण पुढे अंगावर जाणं बरंच कमी होतं, आणि बीपी असलं तरी बहुतेकींना चालते.

दुसरं मला लिहिता लिहिता सुचलं. माला-एन, माला-डीच्या पाकिटात शेवटच्या ७ गोळ्या लोहाच्या असतात. म्हणजे रक्त कमी जात होतं आणि वरून लोह मिळत होतं. तांबी बसली की रक्त जास्त, लोह बंद. आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त बायकांचं हिमोग्लोबिन मुळात १२ च्या खाली, त्यात हे. आता गोळ्यांवरून तांबीवर येणाऱ्या प्रत्येकीचं हिमोग्लोबिन आधी बघणार आणि लोहाच्या गोळ्या हातात देऊनच घरी पाठवणार.

पहिले तीन ते सहा महिने जास्त जाऊन पुढे बहुतेकींचं कमी होतं, हे खरं आहे. पण एसटीत साडी सावरत बसलेल्या बाईला ते सांगून काय उपयोग. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या असतात, दुकानात मिळतात, चिठ्ठी लागते. फोनवर नीट विचारलं गेलं असतं तर चिठ्ठी त्याच दिवशी मिळाली असती.

गोळ्या चालू असताना बसवण्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला पटत नाही. गोळ्या न चुकता घेतल्या असतील तर पाळीसाठी थांबायची गरज नसते. उलट गोळी आधी सोडून वाट बघत बसलं की त्या मधल्या दिवसांतच दिवस राहतात, अशा बायका मी पाहिल्यात. तांबी बसल्या दिवसापासून काम करते. हार्मोनवाली असेल तर गोळ्या आणखी ७ दिवस चालू ठेवायच्या.

कळ आली, ती येतेच. गर्भाशयाचं तोंड चिमट्याने धरावं लागतं, मग सळईने आतली खोली मोजतो, ती कळ बेंबीपर्यंत जाते. ‘मुंगी चावल्यासारखं’ असं आमच्याकडे सांगितलं जातं. आता नाही सांगणार.

पैशाबद्दल माफी मागणार नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते हे शंभर टक्के खरं, कॉपर-टी ३८०ए दहा वर्षांची आणि ३७५ नावाची तांबी पाच वर्षांची, दोन्ही. तांबं तिथेही तेच, आमच्याकडे काही सोनं लावलेलं नाही. ज्यांना जमतं त्यांनी तिथेच जावं, मी स्वतः पाठवते. आमच्या १८०० मध्ये वर्षभराची फेरतपासणी धरलेली आहे, पण हे पावतीवर कुठेच छापलेलं नव्हतं. ते छापायला दिलं.

काढण्याचे पैसे नाहीत. मालकांची सही लागत नाही, कारण सांगावं लागत नाही, ‘अजून एक महिना बघा’ असं मी एकदा सुचवीन, दुसऱ्यांदा नाही. काढायला मिनिटही लागत नाही. फक्त एक सांभाळा: काढण्याआधीचे ७ दिवस कंडोम वापरा किंवा संबंध टाळा, कारण तांबी निघाली की त्याच दिवसापासून दिवस राहू शकतात आणि आधीच्या संबंधातलं वीर्य पाच दिवसांपर्यंत तग धरतं. आणि बीपीचं तुम्हीच लिहिलंय, तर वैतागून जुनं पाकीट परत उघडू नका. छाया नावाची गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्याला एकदा घ्यायची; तिच्यात बीपी वाढवू शकणारं इस्ट्रोजेन हार्मोन नाही. तिच्याबद्दल समोरासमोर बोलू.

येताना पाळीचे दिवस कॅलेंडरवर खूण करून आणा, रोज किती पॅड लागले त्या आकड्यासकट. आमची ओपीडी दुपारी संपते आणि धुळ्याहून परतायला तुम्हाला संध्याकाळ होते, म्हणून जिन्याजवळची बेल वाजवा. सातपर्यंत मी वरच असते.