किती वेळ उभं राहायचं?

समकालीन कला समजत नाही म्हणून हळहळणारे लोक मला थोडे ढोंगी वाटतात. विम्याची कागदपत्रंही आपल्याला समजत नाहीत, पण सही करताना हात कापतो का? न समजण्याची आपल्याला चांगली सवय असते. माझं गाऱ्हाणं निराळं आहे. एका कलाकृतीसमोर किती वेळ उभं राहायचं, हे कुणी सांगत नाही.

आमची भाची कलेचं शिक्षण घेते. तिच्या ओळखीच्या एका कलादालनात परवा एकदम पाच नवी प्रदर्शनं उघडली आणि ती मला घेऊन गेली. एक प्रदर्शन असलं की माणूस डोकावून सटकू शकतो. पाच असली की पहिल्यातून सुटलेला माणूस थेट दुसऱ्यात सापडतो.

पहिल्या दालनात पांढऱ्या भिंतीवर एक खिळा होता आणि त्याला दोरी लटकत होती. बस्स. चटकन पुढे सरकावं तर अडाणी ठरायची भीती, रेंगाळावं तर सुरक्षारक्षक आपल्याकडे बघायला लागतो. अशा वेळी भिंतीवरचा मजकूर फार उपयोगी पडतो. वाचत असलेल्या माणसाला कुणी हटकत नाही. ही दोरी स्मृती आणि विस्थापन यांच्यामधल्या अवकाशाशी संवाद साधते, असं तिथं छापलं होतं. मी मजकूर वाचला, दोन पावलं मागे आलो, मान किंचित कलती केली आणि ‘हं’ म्हणालो. या ‘हं’वर माझा बराच अभ्यास आहे. तो फार लांबला तर शंका वाटते, तुटक निघाला तर ढेकर वाटतो.

ज्यांना वेळेची काळजी आहे अशा कलाकारांबद्दल मला नितांत आदर आहे. मार्टिन क्रीड हा त्यातला शिरोमणी. रिकाम्या खोलीत दिवे पाच सेकंद लागतात, पाच सेकंद विझतात, एवढंच त्याचं काम. त्याला २००१चा टर्नर पुरस्कार, म्हणजे ब्रिटनमधला कलेचा मोठा मान, मिळाला तेव्हा खूप गहजब झाला. पण प्रेक्षकाच्या पायांचा विचार केलात तर त्याच्याइतका दयाळू माणूस विरळा. दहा सेकंदांत तुमची एक आवृत्ती पूर्ण! उलट क्रिश्चन मार्क्ले यांनी २०१० मध्ये ‘द क्लॉक’ केलं, ते चोवीस तासांचं. हजारो सिनेमांमधले घड्याळांचे आणि वेळ सांगणारे तुकडे जोडून केलेलं, आणि पडद्यावर जी वेळ दिसते तीच खरी वेळ. म्हणजे आपण किती वेळ फुकट घालवला हे कलाकृतीच दाखवत राहते. जर्मनीतल्या हालबरश्टाटच्या चर्चमध्ये तर संगीतकार जॉन केज यांची ऑर्गनवरची एक रचना २००१ मध्ये सुरू झाली आहे, ती संपणार २६४० मध्ये. सुरुवातीचे सतरा महिने त्यात नुसती शांतता होती. त्या काळात जे श्रोते आले असतील, त्यांनी ‘हं’ नेमका कुठं टाकला असेल?

दुसऱ्या दालनात बाक होता. मी बसायला वाकलोच होतो, तोवर भाचीनं दंड धरला. “मामा, ती कलाकृती आहे!” मी निमूट ताठ झालो. कलावंत आणि समीक्षक ब्रायन ओडोहर्टी यांनी १९७६ मध्ये पांढऱ्या भिंतींच्या कलादालनांवर लेखमाला लिहिली होती. अशा खोलीत डोळ्यांना आणि मनाला मज्जाव नसतो, जागा अडवणारं शरीर मात्र नकोसं असतं, अशा अर्थाचं त्यांनी म्हटलंय. माझ्या गुडघ्यांनी हे त्या बाकापाशी, काहीही न वाचता ओळखलं.

कलाकृतीकडे सर्वांत बारकाईनं बघतं कोण, तर साफसफाई करणारी माणसं. २०११ मध्ये डॉर्टमुंडच्या संग्रहालयात मार्टिन किपेनबर्गर यांची एक कलाकृती होती : लाकडी फळ्यांचा मनोरा, खाली रबरी पसरट भांडं आणि त्यात वाळलेल्या पाण्याचा भासावा असा रंगाचा थर. सफाई करणाऱ्या बाईंना तो डाग वाटला. त्यांनी तो घासून लख्ख केला. कलाकृतीची किंमत आठ लाख युरो होती म्हणे. जगभर हसण्यावारी गेलं ते. पण मला सांगा, त्या भांड्यासमोर ‘हं’ करून गेलेल्या किती जणांना तो थर दिसला तरी असेल?

तिसरं दालन म्हणजे काळा पडदा आणि आत मिट्ट अंधार. आपण नेहमी मध्येच शिरतो. आधीपासून बसलेले लोक दिसत नाहीत, त्यामुळे कुणाच्या तरी पायावर पाय पडतो आणि कलेच्या आवारात ‘सॉरी’ही कुजबुजूनच म्हणावं लागतं. पडद्यावर एक बाई पाण्याकडे पाठ करून उभी होती. ती उभी, मीही उभा. बराच वेळ आमच्यात कुणीच माघार घेईना. शेवटी मी बाहेर आलो आणि दाराशी उभ्या असलेल्या रक्षकाला हळूच विचारलं, “किती मिनिटांचं आहे हो हे?”

“एकतीस,” तो म्हणाला. “पण साहेब, तुम्ही आत्ता जाऊ नका. आणखी नऊ मिनिटांनी बाई पाण्यात जाते. तोवर काही होत नाही. पाण्यात गेल्यावर आवाज बंद होतो, ते चांगलं आहे.”

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. दालनातल्या एकाही मजकुरात इतकी कामाची माहिती नव्हती. मी चौकशी वाढवली. चौथ्यातलं जाळं खालून बघायचं, पण दुपारनंतर; तेव्हा झरोक्यातून ऊन येतं आणि त्याची सावली जमिनीवर पडते. पाचव्यात गाद्या आहेत, झोपूनच ऐकायचं असतं, कुणी उठवत नाही. दोरीबद्दल विचारलं तेव्हा तो जरा थांबला. “ती मला अजून जमली नाही,” म्हणाला. सगळा दिवस उभ्यानं काढणाऱ्या माणसाचं हे मत. समीक्षकानं इतकं प्रांजळ लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

नऊ मिनिटांनी मी पुन्हा आत गेलो. बाई पाण्यात शिरली, आवाज बंद झाला आणि खरंच, अंगावर काटा आला.

पाचव्या दालनातल्या गादीवर मी इतका वेळ पडून राहिलो की भाची शोधत आली. सोबत तिचे मित्र. एकानं विचारलं, “मामा, काय वाटलं?” मी उठून बसलो आणि म्हणालो, “त्या व्हिडिओत आवाज जातो ना, खरं काम तिथून सुरू होतं. आणि जाळं सकाळी बघितलंत तर निम्मंच बघितलंत.” मुलं गप्प झाली. एकीनं तर फोनवर टिपून घेतलं. भाचीच्या डोळ्यांत माझ्याविषयी जो अभिमान तरळला, तो तिच्या जन्मापासून मी पाहिला नव्हता.

“मामा, तू तर पुढच्या महिन्यात यायलाच हवंस,” ती म्हणाली. “परफॉर्मन्स आहे. आठ तासांचा.”

असे परफॉर्मन्स करणाऱ्या कलावंत मरीना अब्रामोविच न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात २०१० साली एकूण सातशेहून अधिक तास बसून होत्या, पण त्यांनी समोर प्रेक्षकासाठीही एक खुर्ची ठेवली होती. म्हणून मी मोठ्या आशेनं विचारलं, “बसायला काय असेल?”

“बसायचं कसं?” ती म्हणाली. “प्रेक्षकही त्यात चालत असतात.”