हा शेवट सुखान्त म्हणावा का?
डेव्हिड लिंच यांच्या ‘ब्लू व्हेल्वेट’ (१९८६) या चित्रपटाचा शेवट निखळ सुखान्त आहे, हे त्या चित्रपटावरील एका लेखातील विधान मला पटले नाही. लंबर्टन या लाकडाच्या धंद्यावर जगणाऱ्या गावातले पांढरे कुंपण, लाल गुलाब आणि हिरवळीवर पाणी मारणारे वडील दाखवून होतात न होतात तोच ते वडील कोसळतात आणि कॅमेरा गवतात शिरत थेट वळवळणाऱ्या काळ्या किड्यांपर्यंत जातो, तिथेच दिग्दर्शकाने आपले म्हणणे मांडलेले आहे. पुढे त्या वडिलांच्या तरुण मुलाला, जेफ्रीला, माळावर मुंग्या लागलेला, कापलेला कान सापडतो. रहस्य म्हणून पाहिले तर ते फारसे गुंतागुंतीचे नाही. खरी अस्वस्थता येते ती त्या रहस्याच्या मागावर डोरोथी या क्लबमधल्या गायिकेच्या घरातील कपाटात लपून फटींतून पाहणाऱ्या जेफ्रीमुळे, कारण त्याच्याबरोबर आपणही पाहत असतो आणि नजर काढून घेत नाही. (डेनिस हॉपर यांनी साकारलेला, डोरोथीला छळणारा खलनायक फ्रँक मात्र दुसऱ्यांदा पाहतानाही तितकाच अंगावर येतो.) जेफ्रीच्या मैत्रिणीच्या, सँडीच्या, स्वप्नात प्रेम घेऊन येणारा रॉबिन पक्षी अखेरीस खिडकीत येऊन बसतो खरा, पण तो सरळसरळ बनावट दिसतो आणि त्याच्या चोचीत एक किडा वळवळत असतो.