जवस भाजल्याने बिघडत नाही : ‘बिया कच्च्याच खा’ या संदेशाचा प्रतिवाद

थंडी पडू लागली की इंदूरमधील मराठी घरांत जवस, तीळ आणि अळीव यांची खरेदी सुरू होते, आणि त्याच सुमारास एक संदेश मोबाइलवरून नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा. खाण्याची कोणतीही बी भाजू नये, कारण आच लागताच तिच्यातील ओमेगा-3 नष्ट होते. जवस रोज सकाळी रिकाम्या पोटी दोन चमचे, कच्चा आणि अख्खा, पाण्याबरोबर गिळावा. कोणतीही बी रात्रभर भिजवली की तिच्यातले ‘विष’ निघून जाते, मग ती, अगदी सोयाबीनसुद्धा, कच्ची खाता येते. तिळात दुधाच्या दसपट कॅल्शियम असल्यामुळे दूध बंद केले तरी चालते. सब्जा आणि चिया एकच. सर्व बियांची महिनाभराची पूड एकदाच करून बरणीत भरावी. आणि शेवटी शेरा असा की, आपल्या आज्यांनी चटण्यांच्या नादात पिढ्यान्‌पिढ्या बियांचे सत्त्व जाळले.

आधी भाजण्याचा मुद्दा घेऊ, कारण संदेशाचा सारा डोलारा त्यावरच उभा आहे. जवसात वजनाच्या सुमारे 40 टक्के तेल असते आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतींमध्ये आढळणाऱ्या ओमेगा-3 चा असतो. हे आम्ल हवेतील ऑक्सिजनशी फार लवकर संयोग पावते, हे खरे आहे. याच गुणामुळे जवसाचे तेल हवेत सुकून कडक थर धरते आणि तैलरंगांत व लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरले जाते. रणजी करंडक चार वेळा जिंकणाऱ्या होळकर संघाच्या या शहरात नव्या बॅटला चोळायचे तेल कोणते, हेही वेगळे सांगायला नको. परंतु संदेश लिहिणाऱ्याने सुट्या तेलाचा हा स्वभाव जशाच्या तसा अख्ख्या बीला चिकटवला, आणि चूक तिथेच झाली. बिघाडाला ऑक्सिजन लागतो. अख्ख्या बीमध्ये तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपाने पेशींमध्ये बंद असते, वरून टणक टरफल असते आणि आतच ऑक्सिडीकरणाला अडवणारे नैसर्गिक घटकही असतात. ओव्हनमध्ये सुमारे 178 अंश सेल्सिअस तापमानात तासाहून अधिक काळ ठेवलेल्या जवसातही या आम्लात लक्षणीय घट होत नाही, असे प्रयोगांत आढळलेले आहे. कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतून, तडतड ऐकू येताच परातीत ओतलेल्या जवसाचे त्याहून काय वाईट होणार?

अर्थात, या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. जवसाचे कच्च्या घाणीचे तेल फोडणीला किंवा तळणीला वापरू नये. ते फार कमी तापमानाला धुरावते. बीसुद्धा धूर निघेपर्यंत, काळपट होईपर्यंत भाजली तर ती करपते, कडू होते आणि तिच्यातले तेलही बिघडू लागते. मात्र ‘जाळू नका’ आणि ‘भाजू नका’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

भाजण्याने होणाऱ्या फायद्याचा तर संदेशात उल्लेखच नाही. कच्च्या जवसात लिनुस्टॅटिन, निओलिनुस्टॅटिन यांसारखी संयुगे असतात, ज्यांच्यापासून बी दळल्यावर आणि ओलावा मिळाल्यावर अल्प प्रमाणात हायड्रोजन सायनाइड सुटू शकते. रोज चमचा-दोन चमचे जवस खाणाऱ्या धडधाकट माणसाने याची धास्ती घेण्याचे कारण नाही. शरीर इतक्या अल्प मात्रेचा निचरा करते. तथापि उष्णतेमुळे ही संयुगे काही अंशी घटतात आणि त्यांच्यापासून सायनाइड सोडवणारे विकरही (एन्झाइम) निष्क्रिय होते. म्हणजे ज्या भाजण्याला संदेश दोष देतो, त्याने जवस थोडा अधिक निर्धोकच होतो. तिळाची गोष्ट आणखी बोलकी आहे. तीळ भाजले की त्यांतील सेसॅमोलिनपासून सेसॅमॉल तयार होते आणि ते तेलाला खवट होण्यापासून वाचवते. भाजलेल्या तिळाचे तेल दीर्घकाळ टिकते, त्यामागे हेही एक कारण आहे.

अख्खा जवस गिळण्याचा सल्ला तर संदेशाच्याच उद्देशावर पाणी फिरवतो. जवसाचे टरफल गुळगुळीत आणि चिवट असते. नीट न चावलेला दाणा बराचसा जसाच्या तसा शरीराबाहेर पडतो. अख्खा जवस, दळलेला जवस आणि जवसाचे तेल घेणाऱ्या लोकांची तुलना केली गेली, तेव्हा अख्खा जवस खाणाऱ्यांच्या रक्तात अल्फा-लिनोलेनिक आम्लाची म्हणण्यासारखी वाढ दिसली नाही. ओमेगा-3 वाचवायचे म्हणून कच्चा खायचा आणि मग ते आतड्याला मिळूच द्यायचे नाही, असा हा प्रकार आहे. शौचास साफ व्हावे म्हणून कोणी भरपूर पाण्याबरोबर अख्खा जवस घेत असेल तर तो चोथ्याचा उपयोग आहे आणि तो आपल्या जागी ठीक आहे. पण कमी पाण्यावर घेतलेला जवस पोटात फुगून उलट अडचण करतो. ओघात हेही सांगायला हवे की, जवसातल्या ओमेगा-3 चे माशांत मिळणाऱ्या लांब साखळीच्या ओमेगा-3 मध्ये रूपांतर करण्याची आपल्या शरीराची क्षमता फारच थोडी असते. जवस उत्तम अन्न आहे, पण तो मासळीचा पर्याय असल्याचा गाजावाजा करू नये.

आता बरणीभर पुडीकडे वळू, कारण माझ्या मते संदेशातला सर्वांत हानिकारक सल्ला हाच आहे आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बी दळली की टरफलाचे कवच संपते, पेशी फुटतात, तेल पसरते आणि हवेला मोकळे होते. वर उल्लेखलेला तैलरंगाचा गुण तेव्हा खऱ्या अर्थाने कामाला लागतो. इंदूरच्या मे महिन्यात, पारा 40 अंशांच्या वर असताना, ओट्यावरच्या काचेच्या बरणीत उन्हाच्या तिरिपेत ठेवलेली जवसाची पूड महिनाभर चांगली राहील, ही अपेक्षाच चुकीची आहे. तिला रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागला आणि चव घशाला लागू लागली की ती टाकून द्यावी. गूळ घालून लाडवात दडपू नये. अनेक बियांची पूड एकत्र केली की सगळ्यांत लवकर खवटणारी बी साऱ्या डब्याची मुदत ठरवते, म्हणून मिश्रण आवडत असले तरी जवस वेगळा दळावा आणि खाताना मिसळावा. बी अख्खी, कोरडी, घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवावी. ती महिनोन्‌महिने टिकते. आठ-दहा दिवसांपुरता जवस भाजावा, तो पूर्ण निवू द्यावा (गरम बी मिक्सरमध्ये फिरवली तर वाफ धरून पुडीचे गोळे होतात) आणि पूड फ्रिजमध्ये ठेवावी. भाजण्याच्या भीतीने कढई मांडणीवर ठेवून देणारी मंडळी दळलेल्या पुडीचे मोठे पुडे निश्चिंतपणे घरी आणतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

भिजवण्याविषयी संदेश जे सांगतो ते अर्धवट आहे. ज्याला तो विष म्हणतो ते बहुधा फायटिक आम्ल असावे. ते विष नव्हे. बी आपला फॉस्फरस त्या रूपात साठवते, आणि आपल्या जेवणातील लोह व जस्त यांच्या शोषणात ते काहीसा अडथळा आणते. भिजवल्याने ते थोडे कमी होते, मोड आणल्याने किंवा आंबवल्याने अधिक कमी होते, पण निघून मात्र जात नाही. शिवाय जवस, अळीव, सब्जा यांना पाणी लागताच बुळबुळीत आवरण सुटते. त्यांचे पाणी ओतून देताच येत नाही, मग ‘विष’ जाणार कुठे? रंगपंचमीच्या गेरेसाठी, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीसाठी, थंडाई करताना मगज बी आणि बदाम आपण भिजवतो, ते प्रामुख्याने गुळगुळीत वाटले जावेत म्हणून. भिजवून, धुऊन खरोखर काही निघून जाण्याचे चांगले उदाहरण खसखशीचे आहे. मंदसौर, नीमच, रतलाम या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत ती परवान्याने पिकवल्या जाणाऱ्या अफूच्या बोंडांतून येते (या परवान्यांचे काम पाहणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे), आणि बोंडाच्या चिकाचे अंश दाण्यांना बाहेरून चिकटलेले असतात. ते पाण्याने बऱ्याच अंशी धुऊन जातात.

पण ‘सोयाबीन भिजवून कच्चे खा’ हे वाक्य निव्वळ धोक्याचे आहे, आणि तेही माळव्यात, जिथे घरटी सोयाबीन सहज मिळते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनरोधक प्रथिने असतात. प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला ती बांधून ठेवतात, त्यामुळे प्रथिनांसाठी खाल्लेले सोयाबीन पचतच नाही; पोट फुगते, मळमळते. रात्रभर भिजवून ही प्रथिने जात नाहीत, त्यांना ओली आच लागते. इंदूरमध्येच 1987 पासून सोयाबीनवर काम करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिने या रोधकांपैकी कुनिट्झ नावाचा ट्रिप्सिनरोधक नसलेले एनआरसी 127 हे वाण तयार केले. हा घटक नगण्य असता तर त्याच्यावाचूनचे वाण काढण्याचा खटाटोप कोणी केला नसता. आणि त्या वाणातही इतर काही रोधक घटक उरतात, म्हणून तेही शिजवूनच खायचे. घरी करायचे ते असे : सोयाबीन निवडून उकळत्या पाण्यात टाकावे आणि वीस ते तीस मिनिटे उकळू द्यावे, मग ते पाणी ओतून, चोळून टरफले काढावीत आणि दाणे कडक उन्हात वाळवावेत. थंड पाण्यातून हळूहळू तापवण्यापेक्षा थेट उकळत्या पाण्यात टाकल्याने कच्चट, हिरवट वास आणणारे विकरही लवकर थांबते. असे वाळवलेले सोयाबीन नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळून आणावे. कच्चे सोयाबीन गव्हात मिसळून सरळ चक्कीवर नेण्याची रीत अनेक घरांत आहे. फुलक्याला लागणारी मिनिटभराची आच त्यासाठी पुरेशी मानू नये.

राजम्याच्या बाबतीत तर याहून कडक नियम पाळावा लागतो. त्यातील लेक्टिन या प्रथिनामुळे कच्चे किंवा अर्धेकच्चे मूठभर दाणेसुद्धा तासा-दोन तासांत उलट्या घडवू शकतात. भिजवलेले पाणी फेकून, ताज्या पाण्यात तो खळखळून उकळायलाच हवा.

तिळातल्या कॅल्शियमचा आकडा मात्र संदेशाने फारसा फुगवलेला नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सालीसकट 100 ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर 100 ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे 120. परंतु कपभर दूध माणूस सहज पितो, तीळ मात्र 100 ग्रॅम कोणी खात नाही. संक्रांतीच्या एका लाडवात ते दहा-पंधरा ग्रॅम असतील. त्यातही बहुतेक कॅल्शियम सालीत ऑक्झलेटशी बांधलेले असते आणि ते शरीराला कमी लागू पडते. लाडवांसाठी आपण पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ निवडतो, तेव्हा साल गेलेली असते आणि तिच्याबरोबर कॅल्शियमचा मोठा वाटाही गेलेला असतो. तीळ जरूर खावेत, शक्यतो सालीचे. त्यांच्या भरवशावर वाढत्या मुलाचे दूध तोडू नये.

सब्जा आणि चिया एकाच कुळातले असले तरी वनस्पती वेगळ्या आहेत. सब्जा तुळशीच्या वर्गातला असून काही मिनिटांत फुलतो आणि फालुद्यात, सरबतात शोभतो. चिया मूळचा मेक्सिकोकडचा, आता नीमचच्या मंडीतही येतो, आणि त्याला फुलायला अधिक वेळ लागतो. दोन्ही कोरडे फाकू नयेत : अमेरिकेत एका माणसाने चमचाभर कोरडा चिया खाऊन वर पाणी प्यायले आणि तो अन्ननलिकेतच फुगून अडकला, ही घटना 2014 मध्ये डॉक्टरांच्या परिषदेत मांडली गेली होती.

राहिला आज्यांवरचा शेरा. जवसाची किंवा कारळ्याची चटणी ज्या पद्धतीने घरोघरी केली जाते ती पाहिली, तर त्यात आक्षेप घेण्यासारखे फार थोडे सापडते. बी मंद आचेवर भाजायची, निवल्यावर तिखट-मीठ घालून खलबत्त्यात कुटायची, एका वेळी वाटी-दीड वाटीच करायची आणि संपली की पुन्हा करायची. भाजल्यामुळे ओलावा जातो, दाणा कुरकुरीत होऊन सहज फुटतो, आणि थोड्या प्रमाणात केल्यामुळे खवटण्याला सवडच मिळत नाही. कारळ्यात, ज्याला इकडे रामतिल म्हणतात, ओमेगा-3 जवळपास नसतेच. त्याचे तेल मुख्यतः लिनोलेइक आम्लाचे, म्हणजे ओमेगा-6 चे असते, त्यामुळे तो भाजून काय गमावले हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. एकच सुधारणा सुचवावीशी वाटते : चटणीत लसूण कच्चा न घालता तोही कढईत कोरडा होईपर्यंत परतून घालावा, कारण कच्च्या लसणाच्या ओलाव्याने चटणी दोन-तीन दिवसांतच दमट होऊन वास धरते.