मागचं नुसतं पाणी

फ्रेमवाल्याने माझ्या जहाजाची शेपटी कापली. जाब विचारला तर म्हणतो, "मागं नुसतं पाणी होतं साहेब. फोटो माउंटमध्ये बसत नव्हता."

अरे, तिथेच तर सगळी मेख! दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन एस्कॉर्ट कॅरिअर, म्हणजे ताफ्याच्या सोबतीला धाडलेल्या ठेंगण्या विमानवाहू नौका, वरून सगळ्या सारख्याच. सपाट डेक, उजव्या कडेला चिमुकला मनोरा. सँगामन वर्ग (वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौका) निदान कुशीतल्या मोठाल्या झरोक्यांवरून कळतो. पण बोग आणि कॅसाब्लांका या वर्गांत फरक करायचा तर मागे बघावं लागतं. बोगचं बूड गोलसर, कॅसाब्लांकाचं पावाची लादी कापावी तसं सपाट. कॅसाब्लांका तर साधारण वर्षभरात 50 उतरवल्या होत्या. माझी त्यांतलीच. आता सिद्ध करून दाखवा!

एवढ्यात गणपतीची तसबीर न्यायला आलेले एक काका वाकले. "विक्रांत ना?"

"नाही काका. ही अमेरिकन. जुनी विक्रांत हिच्याहून जवळजवळ दोनशे फूट लांब."

"फोटोत कुठं फूट दिसतात? मी चढलोय तिच्यावर, मुंबईत, म्युझियम होतं तेव्हा." मग त्यांनी तिथला उकाडा, जिना आणि मेहुण्याचा हरवलेला चष्मा असं सविस्तर सांगितलं. चष्मा अजून मिळालेला नाही. शेवटी फोटोवर बोट टेकवून, काचेवर डाग पाडत म्हणाले, "हे पट्टे कसले? शाई संपली होती का तुमच्या प्रिंटरची?"

"पट्टे मुद्दाम रंगवायचे, जहाजाची दिशा, वेग नि प्रकार शत्रूला नीट कळू नये म्हणून," मी म्हणालो. आणि उत्साहाच्या भरात फिलिपिन्सजवळची समारची लढाई काढली. 25 ऑक्टोबर 1944. यामाटोसारखी युद्धनौका हाताशी असलेल्या जपानी ॲडमिरल कुरितांना समोरच्या सहा कॅसाब्लांका मोठ्या विमानवाहू नौका वाटल्या. 'गॅम्बियर बे' तोफांनी बुडाली खरी, पण शेवटी कुरिताच माघारी फिरले.

काका गंभीर झाले. "म्हणजे ॲडमिरलला समोर उभ्या बोटी ओळखता आल्या नाहीत?"

"नाही ना!"

"मग ह्या पोराला कशाला बोलताय?"

फ्रेमवाल्याची मान अशी काही ताठ झाली! विचारून कापायला काय जातं यांचं? शिंपी बाह्या आखूड करतो, न्हावी कल्ले उडवतो, आणि उलट आपल्यालाच समजूतदारपणा दाखवायला सांगतात. कापलेली पट्टी मागितली, तर ती केव्हाच केरात गेलेली. आणि बिलात 'कटिंग'चे साठ रुपये वेगळे.