वर्षाची बेरीज तासाचा पाऊस सांगत नाही

सांगली-साताऱ्याच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘वर्षाचा पाऊस आजोबांच्या काळात पडायचा तेवढाच पडतोय. पूर तेव्हाही यायचे. अतिवृष्टी वाढली म्हणणं थापेबाजी आहे.’ हे वाचून माणूस ताली (रानातले मातीचे बांध) आणि चर आहेत तसेच ठेवतो, म्हणून उत्तर देतोय.

पहिला मुद्दा बेरजेचा. 70 मिमी पाऊस दिवसभर रिमझिम पडला तर तासगावकडच्या रानात मुरतो, ओल धरतो. तेवढाच तासाभरात कोसळला तर एका गुंठ्यावर सात हजार लिटर पाणी उतरतं. जमीन ते पिऊच शकत नाही. ताल फुटते, वरची माती ओढ्याला जाते, द्राक्षबागेत सऱ्या तुंबतात आणि ऑक्टोबर छाटणी झालेली असली की दावण्या रोगाची धास्ती. वहीत दोन्ही दिवशी आकडा एकच, 70. मग बेरीज ‘तेवढीच’ असण्यानं सिद्ध काय झालं? मध्य भारतात 1950 ते 2015 दरम्यान एकूण पाऊस घटला, तरी मोठ्या टापूवर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, हे 2017 च्या संशोधनातून पुढे आलं. तो आकडा आपल्या जिल्ह्यांचा नाही, इथे चिकटवायचाही नाही. पण बेरीज न वाढता जोर वाढू शकतो, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

‘जुन्या नोंदींत ढगफुट्या आहेतच की’ हेही पुढे केलं जातं. ढगफुटी म्हणजे ढोबळमानानं तासाला 100 मिमी. साध्या पर्जन्यमापकाचं पाणी दिवसातून एकदा, सकाळी साडेआठला मोजतात. त्यातून तास कळणार कसा? वर, साडेसात ते साडेनऊ असा सलग 110 मिमी पडला तर तो 55 आणि 55 असा दोन दिवसांत वाटला जातो. महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) अतिवृष्टी दिवसाला 65 मिमीला धरतात. कागदावर ती झालीच नाही!

प्रत्येक पुराचं खापर वाढलेल्या जोरावर फोडणाऱ्या उलट बाजूच्यांनाही एक सांगतो. 2019 साली सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, ती तासाभराच्या सरीनं नव्हे. वरच्या खोऱ्यात कित्येक दिवस पाऊस लागून होता आणि धरणांतून विसर्ग सुरू होता. महाबळेश्वरला जुलै 2021 मध्ये 24 तासांत 594 मिमी पडला, तोही एकटा कल सिद्ध करत नाही. आता मंडळामंडळांत स्वयंचलित केंद्रं आहेत. जाळं दाट झालं की पूर्वी निसटणाऱ्या सरी सापडणारच. म्हणून तुलना एकाच जागच्या, सलग तीस-चाळीस वर्षांच्या नोंदींची हवी : दर वर्षीचा सर्वांत जोराचा तास काढायचा आणि तो वर सरकतोय का ते बघायचं.

घरी पर्जन्यमापक असेल तर मिलिमीटरसोबत सर कधी आली आणि कधी थांबली, तेही वहीत लिहा.