"बोलेल गं, घाई काय" असं कृपा करून कुणाला सांगू नका

काल एका बारशाला गेले होते. तिथे नात्यातली एक मुलगी भेटली. तिचा मुलगा एक वर्ष दहा महिन्यांचा. तिने हळूच विचारलं, "ताई, हा अजून काहीच बोलत नाही, काळजी करू का?" मी तोंड उघडायच्या आत आजूबाजूच्या चारजणी बोलून मोकळ्या. "बोलेल गं, घाई काय!" "मुलगे उशिराच बोलतात." "एकदा सुरू झाला की तूच म्हणशील, गप बस."

ती हसली आणि गप्प झाली. ते हसणं मी ओळखते. चार वर्षांपूर्वी मी तसंच हसत होते.

माझी लेक दीड वर्षाची झाली तरी 'मम्मं' सोडून एक शब्द नव्हता. सासूबाई रोज वेखंड उगाळून जिभेला लावायच्या. शेजारच्या काकूंनी पोपटाने टोचलेला पेरू आणून दिला. हिचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, असं घरात दिवसातून दोनदा तरी निघायचं. डॉक्टरांनी वजन-उंची बघितली आणि म्हणाले, "दोन वर्षांपर्यंत थांबू. ऐकू येतं ना?" आम्ही घरी येऊन तिच्या पाठीमागे स्टीलचं ताट वाजवलं. ती गर्रकन वळली. झालं, ऐकू येतंय!

त्या एका ताटाने आमचे दहा महिने खाल्ले.

बेरा केली तेव्हा ती दोन वर्षं चार महिन्यांची होती. ही कानाची तपासणी मूल गाढ झोपेत असताना करतात, म्हणून आदल्या रात्री तिला बारापर्यंत जागवलं, पहाटे उठवलं, गाडीत डोळा लागू दिला नाही. तिथे मांडीवर झोपली तेव्हा कपाळावर आणि कानांमागे बारीक तारा चिकटवल्या. कानात टकटक आवाज सोडायचा आणि तो मेंदूकडे पोचतो का, हे पडद्यावरच्या लाटांवरून बघायचं. दुखत नाही, टोचत नाही. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मध्यम स्वरूपाचं, असं निघालं.

ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी मग कागदावर काढून समजावलं. ताट, दार आपटणं, कुकरची शिट्टी हे सगळे मोठे आवाज, ते तिला येत होते. माणसाचं बोलणं मात्र तुकड्यातुकड्यांत येत होतं. स, श, फ हे आवाज हळू आणि बारीक असतात, ते पोचतच नव्हते. मी "साखर" म्हणत होते आणि लेकीला नुसतं "आ...अर" ऐकू जात होतं. त्यातून तिने शब्द शिकायचा कसा?

ऐकण्याचं मशीन कानाला लावून तिला घरी आणलं त्या दिवशी ती स्वयंपाकघरातल्या गळक्या नळापाशी जाऊन उभी राहिली. थेंब पडला की माझ्याकडे बघायची. पुन्हा थेंब, पुन्हा माझ्याकडे. मी तिथेच फरशीवर बसले.

आता मुद्द्याचं. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप बोलू लागतात, हे खरं आहे. म्हणूनच तर ह्या चारजणींना आपलं म्हणणं पटलेलं असतं, त्यांनी तशी मुलं पाहिलेली असतात. पण आपलं मूल त्यातलं आहे की नाही, हे नुसतं बघून आईला कळत नाही, आजीला कळत नाही, आणि मला तर आता वाटतं, डॉक्टरांनाही तपासल्याशिवाय कळत नाही. तपासून सगळं ठीक निघालं तर एक सकाळ जाते. न तपासता थांबलो आणि ठीक नसलं तर भाषा शिकायचे सगळ्यात मोलाचे महिने जातात.

शब्द मोजायच्या आधी बाकीच्या गोष्टी बघा. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळतं का? हवं त्याकडे बोट दाखवतं का, टाटा करतं का? दीड वर्षाचं झाल्यावर हातवारे न करता "चेंडू आण" म्हटलं तर कळतं का? सोळा-अठरा महिन्यांपर्यंत अर्थाचा एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा गेले" असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, तर वाट बघू नका. (भू, माऊ, हम्मा हेही शब्दच, ते मोजा.) आणि बोलत असलेलं मूल बोलायचं थांबलं, आलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

दर वेळी कानच असतो असं नाही. कधी सततच्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं असतं, त्यावर उपचार आहेत. कधी स्वमग्नता (ऑटिझम) असते. पण कानाची तपासणी आधी करून घ्या, जन्मल्यावर केलेली असली तरीही. ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं.

पैशांसाठी थांबू नका. लहान मुलांची मोफत तपासणी करणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांच्या यादीत ऐकणं आणि भाषेतला उशीर दोन्ही आहे. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्रात, पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था 1983 पासून ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरच काम करते आहे. अंगणवाडी ताईंना स्वतः जाऊन विचारा, पथक कधी येणार.

आणखी एक, कारण ह्याचा मला फार त्रास झाला. "घरात दोन भाषा बोलता म्हणून गोंधळलंय, आता फक्त इंग्रजी बोला" असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. दोन भाषांमुळे मूल मुकं राहत नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, त्याच भाषेत बोला. स्पीच थेरपिस्टने आम्हाला शिकवलं ते हेच: तिच्या डोळ्यांसमोर बसा, ती ज्याकडे बघते आहे त्याबद्दल बोला, "हे काय? ते काय?" अशी परीक्षा घेऊ नका, आणि बोलून झालं की थांबा, तिला वेळ द्या. हे थांबणं मला फार जड गेलं.

काल त्या मुलीला मी आत नेऊन हे सगळं सांगितलं. बाहेर आले तर सासूबाई त्या चारजणींशी बोलत होत्या. "आमच्याकडे वेखंडात दहा महिने गेले," त्या म्हणत होत्या, "आधी कान दाखवा म्हणावं."